डीएचए, सेरामाइड आणि डोळ्याचा पडदा: लिपिड पेशीला वाचवतात कशी आणि मारतात कशी

प्रश्न थोडक्यात असा. ६८ वर्षांच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत ड्राय मॅक्युलर डीजनरेशन आहे, म्हणजे पडद्याच्या (रेटिनाच्या) मधल्या भागाची, मॅक्युलाची, वयानुसार होणारी झीज. डॉक्टरांनी ल्युटीन-झिंकची गोळी लिहून दिली, पण फिश ऑइलची गरज नाही म्हणाले. मुलगा बायोकेमिस्ट्री शिकलेला आहे. माशाच्या तेलातल्या डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लापासून डोळ्यात न्यूरोप्रोटेक्टिन बनतं आणि ते पडद्याच्या पेशींना मरू देत नाही, हे त्याने वाचलंय. सेरामाइड नावाचं दुसरं लिपिड (मेद) त्याच पेशींना मारतं, हेही वाचलंय. मग वाचवणारं लिपिड कॅप्सूलमधून का देत नाहीत, आणि मारणारं का थांबवत नाहीत?

मी रेटिनाची डॉक्टर आहे. पंचवीसेक वर्षं रोज पडदेच बघते. त्याआधी दोन-अडीच वर्षं प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यात गेली आणि तिथे हाच विषय होता. त्यामुळे तुम्हाला, म्हणजे त्या मुलाला, माझं उत्तर लांबेल.

आधी जागा समजून घेऊ. आपल्या प्रकाशपेशींचं, म्हणजे दंडपेशी आणि शंकूपेशींचं, बाहेरचं टोक चकत्यांच्या उतरंडीसारखं असतं. एकावर एक शेकडो पातळ चकत्या, आणि प्रत्येक चकती म्हणजे जवळजवळ नुसता पेशीपडदाच. या पडद्यांत डीएचए इतकं ठासून भरलेलं असतं की तिथल्या फॉस्फोलिपिडांमधली, म्हणजे पेशीपडदा ज्या लिपिडांचा बनतो त्यांतली, निम्म्याच्या आसपास मेदाम्लं हेच एक असतात. शरीरात दुसरीकडे कुठे इतकं प्रमाण सापडत नाही. डीएचएच्या साखळीत २२ कार्बन आणि सहा दुहेरी बंध. या बंधांमुळे पडदा सैल आणि लवचिक राहतो आणि ऱ्होडॉप्सिन या उजेड टिपणाऱ्या प्रथिनाला उजेड पडताच झटकन आकार बदलता येतो. पण याच बंधांमुळे ते लवकर खवटही होतं. जवसाचं तेल उघडं राहिलं तर काय होतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. डीएचएमध्ये तर जवसातल्या मेदाम्लाच्या दुप्पट दुहेरी बंध आहेत. आणि हे सगळं ठेवलंय कुठे, तर दिवसभर उजेड पडतो आणि प्राणवायूचा वापर शरीरात सर्वाधिक असलेल्या ठिकाणांपैकी एक आहे, तिथे.

म्हणून निसर्गाने चकत्या सतत बदलण्याची व्यवस्था केली. दंडपेशी रोज साधारण दहावा हिस्सा टोकाकडून गाळते, तेवढाच बुडाकडून नवा बनवते. उजाडल्यावर थोड्याच वेळात हे गाळणं होतं. गळालेला तुकडा गिळायचं काम मागच्या रंगद्रव्य पेशींच्या थराकडे, आम्ही त्याला आरपीई म्हणतो. आरपीईची एकेक पेशी तीसेक किंवा त्याहून जास्त प्रकाशपेशींचं उष्टं रोज पोटात घेते, पचवते आणि त्यातलं डीएचए परत प्रकाशपेशींना पोचवते. ही पेशी जन्मानंतर जवळजवळ विभागत नाही. जी आहे तीच म्हातारपणापर्यंत पुरवायची. तुमच्या आईचा आजार आहे तो मुख्यतः याच थराचा.

आता न्यूरोप्रोटेक्टिनकडे. न्यू ऑर्लिन्समध्ये काम करणारे, मूळचे अर्जेंटिनाचे निकोलास बाझान यांनी १९७० मध्येच दाखवलं होतं की मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की पेशीपडद्यांतून मेदाम्लं काही क्षणांत सुटी होतात. तेव्हा बहुतेकांनी याकडे निव्वळ पडझड म्हणून पाहिलं असतं. पुढे कळलं की सुटणाऱ्या या मालापासून पेशी स्वतःच्या बचावाचं सामान बनवते. २००४ मध्ये बाझान, मुखर्जी, सरहान आदींच्या गटाने मानवी आरपीई पेशींत दाखवलेला मार्ग असा: ताण आला की फॉस्फोलिपेज ए-२ हे एन्झाइम पेशीपडद्यातून डीएचए कापून काढतं, १५-लिपॉक्सिजनेज त्यावर नेमक्या कार्बनवर प्राणवायू बसवतं, आणि तयार होतो न्यूरोप्रोटेक्टिन डी-१. हा रेणू नॅनोमोलर प्रमाणात, म्हणजे अक्षरशः नावापुरता असला तरी काम करतो. बीसीएल-२ आणि बीसीएल-एक्सएल ही पेशीला जगवणारी प्रथिनं वाढतात, बॅक्स आणि बॅड ही मारणारी घटतात, कॅस्पेस-३ ही शेवटची कात्री उघडत नाही. जळजळ वाढवणारं कॉक्स-२ सुद्धा दबतं.

२००७ मध्ये याच गटाने आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती या सगळ्यात सर्वात सुंदर वाटते. आरपीई पेशींना प्रकाशपेशींच्या गळालेल्या चकत्या खायला घातल्या, तर न्यूरोप्रोटेक्टिन वाढलं आणि त्या ऑक्सिडेशनच्या ताणात कमी मेल्या. चकत्यांऐवजी प्लास्टिकचे बारीक मणी गिळायला दिले, तर हे संरक्षण मिळालं नाही. गिळणं तेच, आत गेलेला माल वेगळा. रोजचं हे उष्टं आवरणं आरपीईला नुसता बोजा नाही. त्यातूनच तिला ‘तग धर’ हा निरोप मिळतो.

पण आता ज्या भानगडीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, ती.

प्रयोगशाळेत मी एआरपीई-१९ पेशींवर काम करायचे. १९ वर्षांच्या एका तरुणाच्या डोळ्यातून निघालेला हा पेशीवंश जगभर वापरतात. सीरम काढून पेशींना उपाशी ठेवायचं, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि टीएनएफ-अल्फा (जळजळीचा एक संदेशवाहक) देऊन ताण द्यायचा, मग होएक्स्ट रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. जिवंत पेशीचं केंद्रक निळसर, एकसंध, तांदळाच्या फुगलेल्या दाण्यासारखं दिसतं. मरणाऱ्या पेशीचं आक्रसतं, चकाकतं आणि मग त्याच्या ठिणग्या होतात. एका आठवड्यात डीएचए दिलेल्या डिशमध्ये मला ठिणग्याच ठिणग्या दिसल्या. न दिलेल्या डिशपेक्षाही जास्त. तीन दिवस मी माझ्या मोजणीला, मग पेरॉक्साइडला, मग इन्क्युबेटरला दोष देत राहिले. शेवटी कुपी हुंगली. डीएचएची कुपी उघडली की आत नायट्रोजन सोडून ती बंद करायची असते. मी आदल्या आठवड्यात ती तशीच झाकून ठेवली होती. शिळ्या सुक्या मासळीसारखा वास येत होता. वाचवायला घातलेलं डीएचए मीच खवट करून पेशींच्या डोक्यावर ओतलं होतं.

मी कोल्हापूरकडची, त्यामुळे मला हे गुऱ्हाळासारखं दिसतं. उसाचा रस एकच. वेळेवर काहिलीत पडला, गुळव्याने नीट सांभाळला, तर ढेप निघते. तोच रस उघडा राहिला तर आंबतो. डीएचएचं तसंच. १५-लिपॉक्सिजनेजच्या हातून गेलं तर न्यूरोप्रोटेक्टिन, आणि मोकळ्या प्राणवायूच्या तावडीत सापडलं तर लिपिड पेरॉक्साइडं आणि प्रथिनांना चिकटणारे खवट तुकडे. मॅक्युलर डीजनरेशनच्या डोळ्यांत असे चिकटलेले तुकडे सापडतातही. म्हणून ‘डीएचए चांगलं की वाईट’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्यावर हात कुणाचा पडला, कुठे आणि कधी, यावर सगळं अवलंबून आहे.

आणि म्हणूनच कॅप्सूल गिळली म्हणजे पेशीला तो निरोप मिळाला असं होत नाही. कॅप्सूलमधून फक्त रस पोचतो. तुम्ही काचबिंदूच्या रुग्णांना रात्री लॅटानोप्रोस्टचा थेंब टाकताना पाहिलं असेल. तोही लिपिड संदेशवाहकच, प्रोस्टाग्लँडिन एफ-२-अल्फाचा भाऊबंद, १९९६ मध्ये बाजारात आला. त्याच्या एका थेंबात साधारण दीड मायक्रोग्रॅम औषध असतं, आणि तेवढ्यावर दिवसभर डोळ्याचा दाब उतरतो. दाब उतरला की डोळ्यातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गँग्लियन पेशी जास्त टिकतात. तयार निरोप द्यायचा असतो तेव्हा मात्रा इतकी छोटी असते. याउलट १,००० मिलिग्रॅम ओमेगा-३ म्हणजे त्या थेंबातल्या औषधाच्या साडेसहा लाख पटीहून जास्त कच्चा माल. तो पचनातून, यकृतातून, रक्तातून जाऊन त्यातला किती डोळ्यापर्यंत येईल, आणि आला तर तिथलं थकलेलं आरपीई त्याचं काय करेल, यावर आपला काही ताबा नाही.

कागदावर जमलेलं हे गणित माणसांत तपासून झालंय. एआरईडीएस-२ या अमेरिकेतल्या चाचणीत ५० ते ८५ वयाचे ४,२०३ लोक होते, सगळ्यांना आजार पुढे सरकण्याचा धोका होता. एका गटाला रोज ३५० मिलिग्रॅम डीएचए आणि ६५० मिलिग्रॅम ईपीए (माशाच्या तेलातलं दुसरं ओमेगा-३) दिलं. पाचेक वर्षं पाहिलं. २०१३ मध्ये निकाल आला: आजार पुढे जाण्यात काही फरक नाही. फ्रान्समधल्या नॅट-२ चाचणीत डीएचए ८४० मिलिग्रॅमपर्यंत नेलं, तरी फरक नाही. ज्यांना आजार नव्हता अशांचं काय? व्हायटल या चाचणीत २५,८७१ लोकांना पाहिलं आणि ओमेगा-३ने आजार होणंही टळलं नाही. तुमच्या डॉक्टरांनी नाही म्हणण्यामागे हे आहे. ते जुन्या वळणाचे आहेत म्हणून नाही.

का चाललं नाही, याची माझ्या मते दोन-तीन कारणं आहेत. एक तर रेटिना डीएचएला घट्ट धरून ठेवते. उंदरांच्या जेवणातून ओमेगा-३ काढून टाकलं तरी बाकी अवयव आधी रिते होतात, डोळा शेवटी. प्रकाशपेशींकडे ॲडिपोआर-१ नावाचं प्रथिन आहे, ते नसलेल्या उंदरांच्या पडद्यात डीएचए टिकत नाही आणि प्रकाशपेशी मरतात. ज्या कोठारात मुळात टंचाई नाही, तिथे आणखी पोती टाकून काय होणार. दुसरं, डीएचए कोणत्या रूपात रक्तात फिरतं यालाही महत्त्व आहे. २०१४ मध्ये सिंगापूरच्या गटाने दाखवलं की मेंदूच्या दाराशी असलेला एमएफएसडी-२ए हा वाहक लायसो-फॉस्फॅटिडिलकोलीन या लिपिडाला जोडलेलं डीएचए आत घेतो, आणि डोळ्याच्या दाराशीही हाच वाहक आहे. बाजारातल्या कॅप्सूलमध्ये ते बहुधा वेगळ्याच रूपात असतं. तिसरं म्हणजे गुळव्याच थकला असेल तर रस वाढवून ढेप जास्त निघत नाही.

हा मार्ग संपला असं मात्र नाही. डीएचएपेक्षा लांब, ३२ आणि ३४ कार्बनांच्या साखळ्या ईएलओव्हीएल-४ हे एन्झाइम रेटिनात बनवतं. या एन्झाइमच्या जनुकात बिघाड झाला की स्टारगार्टसारखा आजार होतो आणि तरुण वयातच मधली नजर जाते. हे २००१ पासून माहीत होतं, पण त्या लांब साखळ्या इतक्या महत्त्वाच्या का, ते नीट कळत नव्हतं. २०१७ मध्ये बाझान यांच्याच गटाने त्यांच्यापासून बनणारे संदेशवाहक शोधले आणि त्यांना इलोव्हॅनॉइड नाव दिलं. तेही आरपीई पेशींना ताणात तगवतात. तयार निरोपच देता आला तर? ते सगळं अजून डिशमध्ये आणि उंदरांत आहे. ओपीडीत द्यायला माझ्याकडे काही नाही.

आता मारणाऱ्या बाजूकडे, सेरामाइडकडे. इथे मला तुमची मांडणी थोडी दुरुस्त करायची आहे. सेरामाइड हे काही बाहेरून आलेलं विष नाही. पेशीच्या पडद्यात स्फिंगोमायलिन असतं, ते तोडलं की सेरामाइड मिळतं. सेरामाइड आणखी तोडलं की स्फिंगोसीन, आणि त्यावर फॉस्फेट बसवला की स्फिंगोसीन-१-फॉस्फेट. सेरामाइड साठलं तर पेशी मरणाकडे झुकते, स्फिंगोसीन-१-फॉस्फेट वाढलं तर जगण्याकडे. एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत या. पेशी कोणत्या पायरीवर रेंगाळते ते बघायचं.

बाहिया ब्लांका या अर्जेंटिनातल्या गावी १९९०च्या दशकापासून उंदराच्या पिल्लांच्या प्रकाशपेशी डिशमध्ये वाढवून हे तपासलं गेलं. डीएचए नसेल तर त्या काही दिवसांत ॲपॉप्टोसिसने, म्हणजे पेशीच्या स्वतःच्याच ठरलेल्या मरणाने, मरतात, डीएचए दिलं तर जास्त टिकतात. नंतर त्यांनी पाहिलं की ऑक्सिडेशनचा ताण दिला की पेशीत सेरामाइड वाढतं, आणि डीएचए जे काही करतं त्यातलं एक म्हणजे या सेरामाइडला साखर जोडून त्याला निकामी करणं. तुम्ही दोन वेगळे विषय म्हणून वाचलेत, ते इथे एकमेकांत गुंतले आहेत. फळमाशीतही २००३ मध्ये सेरामाइड तोडणारं एन्झाइम वाढवून मरू घातलेल्या प्रकाशपेशी वाचवल्या गेल्या. इटलीत पिसाच्या गटाने २०१० मध्ये आरडी-१० उंदरांच्या डोळ्यांत मायरिओसिनचे थेंब घातले. या उंदरांना आपल्याकडच्या रातांधळेपणाच्या आजारासारखाच, रेटिनायटिस पिगमेंटोसा, असतो. मायरिओसिन सेरामाइड बनण्याच्या पहिल्याच पायरीला अडवतं. प्रकाशपेशींचं मरण लांबलं, नजर जास्त दिवस टिकली. थांबलं नाही, लांबलं.

मग माणसांत का नाही? कारण हा जिना शरीरभर आहे. स्फिंगोसीन-१-फॉस्फेटच्या ग्राहकावर (पेशीवरचं, त्याचा निरोप घेणारं प्रथिन) काम करणारी फिंगोलिमोड ही गोळी २०१० पासून मल्टिपल स्क्लेरोसिससाठी वापरतात. न्यूरॉलॉजिस्ट ती सुरू करतात तेव्हा तीन-चार महिन्यांनी रुग्णाला आमच्याकडे पाठवतात, कारण थोड्या जणांत मॅक्युलाला सूज येते. मधुमेही किंवा युव्हायटिस (डोळ्याच्या आतली जळजळ) झालेला असेल तर धोका जास्त. हाच ग्राहक रक्तवाहिन्यांचे टाके घट्ट ठेवतो, गोळीने तो दबला की पाणी झिरपतं. एका ठिकाणी उपयोगी पडणारा हात दुसऱ्या ठिकाणी गळती करतो.

स्फिंगोलिपिडांचा बिघाड मला ओपीडीत प्रत्यक्ष दिसतो तो मॅक्टेलमध्ये. मॅक्युलर टेलँजिएक्टेसिया टाइप २ असं लांब नाव. पन्नाशीतली व्यक्ती येते आणि सांगते, “पेपर वाचताना मधलं एखादं अक्षर खाल्लं जातं.” चष्म्याचा नंबर ठीक, मोतीबिंदू नाही. अशा बऱ्याच जणांना मधुमेह असतो, आणि म्हणून हा आजार मधुमेहाच्या खात्यात टाकला जातो, नको ती इंजेक्शनंही दिली जातात. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या तपासणीत मध्यबिंदूच्या कानाकडच्या बाजूला पडदा राखाडी, काच धुरकटल्यासारखा. ओसीटीवर (पडद्याच्या थरांचा स्कॅन) सूज नसते, उलट आतून पोखरल्यासारख्या पोकळ्या असतात, आणि वर नुसता पातळ पापुद्रा ताणलेला. २०१९ मध्ये कळलं की यातल्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात सेरीन हे अमिनो आम्ल कमी असतं. सेरामाइडच्या जिन्याची पहिली पायरी सेरीननेच बांधतात. सेरीन कमी पडलं की एन्झाइम चुकून अलानीन उचलतं. बनतं ते डीऑक्सि-स्फिंगोलिपिड, त्याला पुढचं काही जोडायचा हातच नसतो. ते ना पुढे जातं ना नीट मोडतं, आत साठतं आणि प्रकाशपेशी मारतं. याच एन्झाइमच्या जनुकातल्या बिघाडाने नसांचा एक आनुवंशिक आजार होतो, आणि त्या कुटुंबांतही मॅक्टेल सापडला. सुतावरून स्वर्ग गाठावा तसं वाटेल, पण रक्तातल्या एका अमिनो आम्लापासून मधल्या नजरेपर्यंतची साखळी इतकी स्पष्ट क्वचितच हाती लागते. त्याच अभ्यासात प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी रेटिनाच्या गोळ्यांवर फेनोफायब्रेट घातलं, तर हे मरण कमी झालं.

फेनोफायब्रेट म्हणजे ट्रायग्लिसराइडची ती स्वस्त, जुनी गोळी. ती पीपीएआर-अल्फा या लिपिड ओळखणाऱ्या ग्राहकाला चालू करते. मधुमेही पडद्यात तिचा पुरावा मला फिश ऑइलपेक्षा कितीतरी भक्कम वाटतो. २००७च्या, फील्ड नावाच्या चाचणीत लेसरची गरज प्लासिबोवर (औषध नसलेल्या गोळीवर) ४.९ टक्के लोकांना लागली, गोळीवर ३.४ टक्क्यांना. २०२४च्या, लेन्स नावाच्या चाचणीत आजार वाढलेले प्लासिबोवर २९.२, गोळीवर २२.७ टक्के. गंमत म्हणजे रक्तातल्या चरबीत पडलेल्या फरकावरून हा फायदा समजावता येत नाही. तुमच्या आईंना मधुमेह असेल आणि पडद्यावर त्याच्या खुणा असतील तर फिजिशियनशी बोला, मूत्रपिंडाची तपासणी करूनच. मॅक्युलर डीजनरेशनसाठी मात्र ती नाही.

आता आईंचं बघू. ल्युटीन-झिंकची गोळी मध्यम टप्प्याच्या आजारात देतात. त्यांचा टप्पा तोच आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कारण सुरुवातीच्या ड्रूसेनवर (पडद्याखाली साठणारे पिवळसर ठिपके) ती निष्कारण दिली जाते. गोळीत बीटा-कॅरोटीन नसावं, विशेषतः पूर्वी विडी-सिगारेट ओढली असेल तर. तुम्ही घरात सिगारेट ओढत असाल, तर त्यांच्यासमोर ती बंद करा.

मासे खात असतील तर आठवड्यातून दोनदा बांगडा, तारली, पेडवे खाऊ द्या. आहारातून मासे खाणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो, पण हे निरीक्षण आहे, चाचणी नव्हे, हे ध्यानात असू द्या. शाकाहारी असतील तर जवसाची चटणी चवीला आणि पोटाला उत्तम, पण जवसातल्या मेदाम्लापासून शरीर डीएचए फार थोडं बनवतं. डीएचए हवंच असेल तर शेवाळापासून काढलेलं मिळतं. मासेसुद्धा ते मुळात शेवाळातूनच घेतात. घरात आणलेली बाटली असेल तर एकदा उघडून वास घ्या. खवट आला तर टाकून द्या, माझ्या कुपीची गोष्ट आठवून. आईंना हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ओमेगा-३ची मोठी मात्रा स्वतःहून सुरू करू नका. सेरीनची पावडर ऑनलाइन मिळते म्हणून तीही नको, हा आजार मॅक्टेल नाही.

चौकटींचा ॲम्सलर तक्ता फ्रिजवर चिकटवा. रोज सकाळी वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगा. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधे काळा डाग आला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा. ड्रायचा वेट झाला असेल, म्हणजे पडद्याखाली नव्या गळक्या रक्तवाहिन्या आल्या असतील, तर इंजेक्शनने नजर वाचते, पण ती वेळेवर द्यावी लागतात. आणि दर वेळी जुना ओसीटी सोबत न्या. एकाच मशीनवरचे दोन स्कॅन शेजारी ठेवले की आरपीईचा थर किती पातळ झाला ते आम्हाला दोन मिनिटांत दिसतं.